तीन दिवसांचा प्रोजेक्ट मॅनेजर आणि सात दिवस चालणारं पोलीस ठाणं

नागपुरातल्या एका पोलीस कार्यालयात प्रशासनाची बाजू सांभाळणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वीस पोलीस ठाण्यांतल्या मुद्देमालाची, म्हणजे पुरावा म्हणून जप्त केलेल्या वस्तूंची, नोंद संगणकावर आणून प्रत्येक वस्तूला क्यूआर कोड लावायचा प्रकल्प मंजूर झाला आहे. पुरवठादार ठरला आहे. आता आठ महिन्यांसाठी, आठवड्यातून तीन दिवस येणारा प्रोजेक्ट मॅनेजर हवा आहे. दोन नावं समोर आहेत. एक निवृत्त पोलीस निरीक्षक, दुसरे इथल्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या एका आयटी कंपनीत बरीच वर्षं काढलेले गृहस्थ. कोणाला घ्यावं, जाहिरातीत काय लिहावं, आणि तीन दिवस कोणते ठेवावेत?

ताई, मीही नागपूरचीच. गेली नऊ वर्षं मी अशीच ठरावीक मुदतीची, अर्धवेळ कामं घेते. त्यांतली तीन पोलीस दलांची होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही विचारलंय माणसाबद्दल, पण त्याच्या आधीचा एक प्रश्न तुमच्या पत्रात नाही. तो माणूस तीन दिवस येणार, मग उरलेले चार दिवस हा प्रकल्प कोणाचा? ठाणं रविवारीही बंद नसतं. जप्ती रात्री दोनलाही होते. याचं उत्तर कागदावर नसेल, तर दोघांपैकी कोणालाही घेतलं तरी सहाव्या महिन्यात काम जिथल्या तिथेच असेल.

माझ्या पहिल्याच पोलीस कामात मी हे भोगलं आहे. जिल्ह्याचं नाव सांगत नाही. मी सोमवार ते बुधवार जायची. एका गुरुवारी पुरवठादाराची माणसं लेबल छापायची यंत्रं घेऊन ठाण्यात पोचली. मालखान्यात, म्हणजे मुद्देमाल ठेवायच्या खोलीत, विजेचा पॉइंटच नव्हता, म्हणून त्यांनी यंत्र पुढच्या खोलीत ठाणे अंमलदाराच्या टेबलाशेजारी ठेवलं आणि ड्युटीवरच्या शिपायाची ‘साहित्य मिळाले’ अशी सही घेतली. त्या बिचाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं, साहित्य खरंच मिळालं होतं. पण पुरवठादाराने तीच सही ‘यंत्रणा बसवून सुरू केली’ याचा पुरावा म्हणून देयकाला जोडली. अशा सात ठाण्यांच्या सह्या गोळा झाल्यावर मला कळलं. ते देयक थांबवायला आणि यंत्रं खरोखर मालखान्यात न्यायला दोन महिने गेले. त्या गुरुवारी ‘थांबा, आधी पॉइंट होऊ द्या’ एवढंच म्हणायला कोणीतरी हवं होतं, आणि तसं म्हणायचा अधिकार कोणाला दिलेलाच नव्हता.

म्हणून जाहिरातीच्या आधी एक कार्यालयीन आदेश काढून घ्या. त्यात नोडल अधिकारी, म्हणजे प्रकल्पाची जबाबदारी असलेला अधिकारी, नावानिशी असू द्या. पोलीस उपायुक्तांचं नाव घालायचा मोह होतो, पण त्यांना वेळ मिळत नाही. उपनिरीक्षकाचं घातलं तर ठाण्याचे पीआय (पोलीस निरीक्षक) त्याचं ऐकतीलच असं नाही. माझ्या अनुभवात दोघांची जोडी चालते: निर्णयासाठी एक एसीपी (सहायक पोलीस आयुक्त), आणि रोजच्या कामासाठी एक एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक), ज्याच्याकडे त्या आठ महिन्यांत दुसरी शाखा नसेल. एपीआयला तीन गोष्टींचा अधिकार लेखी द्या. पुरवठादाराला नाही म्हणणं, वीसही ठाण्यांच्या मुद्देमाल कारकुनांना प्रशिक्षणाला बोलावणं, आणि छोटे बदल टिप्पणी न फिरवता मान्य करणं. असा एपीआय मिळत नसेल तर माझं स्पष्ट मत आहे की अर्धवेळ माणूस घेऊच नका. त्या परिस्थितीत चार महिन्यांसाठी पूर्णवेळ माणूस घेतलेला बरा.

आता दिवसांचा हिशेब करून बघू. आठ महिने म्हणजे साधारण पस्तीस आठवडे, आठवड्याला तीन म्हणजे १०५ दिवस. सणवार, बंदोबस्तात वाया जाणारे दिवस, माणसाचं आजारपण काढलं की हातात ८५ उरतात. वीस ठाण्यांना प्रत्येकी दोन भेटी म्हटलं की चाळीस दिवस गेले. राहिलेल्या पंचेचाळीसमध्ये पुरवठादाराच्या बैठका, प्रशिक्षण, चाचण्या, आढावा आणि कागदपत्रं. बसतं, पण जेमतेम. म्हणजे या माणसाकडून आयत्या वेळची इतर कामं करून घेता येणार नाहीत. सरकारी कार्यालयात संगणकाचं कळणारं कोणी आलं की एखादं सादरीकरण, एखादा तक्ता, साहेबांच्या केबिनमधला प्रिंटर हे सगळं त्याच्याकडे येतं. पूर्णवेळ माणसाला ते झेपतं. तीन दिवसांच्या माणसाचा त्यात आठवड्यातला एक दिवस जातो, आणि तो मग कुठूनच भरून निघत नाही.

सुरुवात केव्हा करायची हे नागपुरात फार महत्त्वाचं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, मग गणपती विसर्जन, दसऱ्याला दीक्षाभूमी, पुढे दिवाळी, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. १९५३ च्या नागपूर करारानुसार अधिवेशन इथलं ठरलेलं आहे, आणि त्या काळात शहरातली ठाणी बंदोबस्तातच असतात. ऑगस्टच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत कारकून प्रशिक्षणाला मागणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे. आदेश आणि करार ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरका, माणूस जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रुजू करून घ्या. आठ महिने ऑगस्टअखेर संपतात, म्हणजे पुढचा हंगाम लागायच्या आत काम हातावेगळं होतं.

मध्ये एक अडथळा येतो, उन्हाळ्यातल्या बदल्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाप्रमाणे पीएसआय (उपनिरीक्षक) ते पीआय यांचा एका ठाण्यातला सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा, तर शिपाई-हवालदार अशा अंमलदारांचा एका नेमणुकीत पाच वर्षांचा. यावरून मी एक नियम केला आहे: शिकवायचं ते मुद्देमाल कारकुनाला आणि त्याच्या जोडीच्या एका अंमलदाराला. पीआय साहेबांना अर्ध्या तासाची ओळख पुरते. बऱ्याच प्रकल्पांत हे उलटं होतं. अधिकाऱ्यांना दिवसभराची कार्यशाळा, जेवण, प्रमाणपत्र. आणि रोज नोंद करणाऱ्या हवालदाराला पुरवठादाराकडच्या पोराने उभ्या उभ्या दहा मिनिटं दाखवलेलं. जूनमध्ये अधिकारी बदलून गेले की शिकलेलं कोणीच उरत नाही.

आता तुमच्या दोन नावांकडे येते.

निवृत्त पीआयची जमेची बाजू मोठी आहे. मालखाना कसा चालतो हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. जप्ती पंचनामा, नोंदवही, लेबल, लाखेचं सील, प्रयोगशाळेकडे गेलेलं आणि परत न आलेलं पाकीट, न्यायालयाचा आदेश, सुपूर्दनामा (वस्तू मालकाच्या ताब्यात देणं), लिलाव किंवा नाश, हा सगळा प्रवास त्यांनी स्वतः केलेला असतो. एक फोन केला तर ठाणं दार उघडतं. पण त्यांच्यासमोर कनिष्ठ लोक अडचण सांगत नाहीत. ‘हो सर, झालं सर’ म्हणतात आणि नोंदी जुन्याच वहीत चालू ठेवतात. शिवाय पुरवठादाराच्या कामाची चाचणी घेणं, दोष लिहून काढणं, स्वीकृती अडवून धरणं ही कामं त्यांनी केलेली असतीलच असं नाही. आयटीतल्या गृहस्थांना नेमकं हेच येतं. मात्र सकाळी अकराची बैठक ठरली आणि साडेदहाला सगळे मोर्चाच्या बंदोबस्ताला गेले, असं तिसऱ्यांदा झालं की त्यांचा धीर सुटतो. मी हे दोनदा पाहिलंय, आणि ते लोक कामात हुशार होते.

परिस्थितीवर अवलंबून आहे ते एवढंच: तुमचा एपीआय तांत्रिक बाजूला कच्चा पण वजनदार असेल, तर आयटीतले गृहस्थ घ्या. एपीआय संगणकात तरबेज पण नवखा असेल, तर निवृत्त पीआय बरे. जोडी एकमेकांची उणीव भरून काढणारी हवी. पण मला विचाराल तर मी तिसराच माणूस शोधेन. ज्याने एकच काम पंचवीस-तीस विखुरलेल्या ठिकाणी उभं केलं आहे, असा माणूस. सहकारी बँकेच्या शाखांत नवी प्रणाली बसवलेला, वीज वितरणाच्या उपविभागांत किंवा सरकारी दवाखान्यांत संगणकीकरण केलेला. त्याला माहीत असतं की बारा ठिकाणी वीज आहे, पाच ठिकाणी नेट येतं-जातं, दोन ठिकाणी कारकून रजेवर आहे आणि एका ठिकाणी किल्लीच सापडत नाही. आणि तरी काम पुढे न्यायचं असतं. असे लोक नागपुरात आहेत. बरेच जण पन्नाशीच्या पुढचे, नोकरी सोडलेले, आठवड्याला तीन दिवस हीच त्यांची सोय असते. शिवाय मुलं मोठी झाल्यावर कामावर परतू पाहणाऱ्या अनुभवी बायकाही आहेत. जाहिरात नीट लिहिली तर त्या अर्ज करतात.

जाहिरातीत पहिल्या ओळीत काम लिहा, पात्रता नंतर. ‘वीस पोलीस ठाण्यांतील मुद्देमालाची नोंद संगणकावर आणण्याच्या कामावर देखरेख, आठ महिने, आठवड्यातून तीन दिवस, त्यांतले दोन ठाण्यांमध्ये, मुदत वाढणार नाही.’ पदवी, प्रमाणपत्रं यांची लांबलचक यादी घातली तर शंभर अर्ज येतात आणि त्यांतले बरेच कायम सरकारी नोकरीच्या आशेने आलेले असतात. त्या उमेदवारांची फसगत होऊ नये म्हणून ‘हे पद नाही, ठरावीक कामासाठीची सेवा आहे’ हे ठळक लिहा. कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ मध्ये स्पष्ट केलं आहे की अशा नेमणुकीतून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. कंत्राटी भरतीवरून २०२३ साली राज्यात किती असंतोष झाला आणि शासनाला तो निर्णय मागे घ्यावा लागला, हेही सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यामुळे मंजूर पदाच्या जागी हा माणूस बसवल्याचा भास कुठेही होता कामा नये.

नेमणुकीचा मार्ग माणसाप्रमाणे बदलतो. निवृत्त शासकीय अधिकाऱ्याला विवक्षित कामासाठी करार पद्धतीने घेता येतं, त्यासाठी सामान्य प्रशासन विभागाचा १७ डिसेंबर २०१६ चा शासन निर्णय आहे. खाजगी क्षेत्रातल्या माणसासाठी तो लागू नाही. त्याची सेवा ही खरेदी धरून १ डिसेंबर २०१६ च्या खरेदी नियमपुस्तिकेच्या वाटेने जावं लागतं. दोन्हींच्या नंतरच्या सुधारणा तुमच्या लेखा शाखेकडून आधीच तपासून घ्या. लेखाधिकाऱ्यांना पहिल्या दिवशी बरोबर घेतलं तर ते वाट दाखवतात. शेवटी नेलं तर नस्ती (फाइल) हरकतीसह परत येते, आणि तेव्हा चूक आपलीच असते.

पैशाबद्दल: महिन्याचं मानधन ठरवू नका, दिवसाचा दर ठरवा. बंदोबस्तात गेलेला दिवस पुढे घेता येतो, आणि तुम्हालाही किती दिवस उरलेत ते कळतं. मी साधारण साठ टक्के रक्कम दिवसांवर आणि चाळीस टक्के टप्प्यांवर मागते. दर ठरवताना १८ टक्के जीएसटीचा विषय आधीच बोलून घ्या. वर्षाला वीस लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या व्यक्तीला नोंदणी लागत नाही, पण माणूस एखाद्या संस्थेमार्फत आला तर रक्कम वाढते आणि प्रशासकीय मान्यता अपुरी पडते. टीडीएस दहा टक्के कापला जातो हेही सांगून ठेवा. आणि देयक वेळेवर द्या. माझं एका ठिकाणचं देयक मार्चमध्ये अडकलं ते सात महिन्यांनी निघालं. मी काम सोडलं नाही, पण माझ्या जागी घर त्याच पैशावर चालणारा माणूस असता तर त्याला सोडावंच लागलं असतं, आणि त्याला दोष देता आला नसता.

यापुढचा भाग सगळ्यात नाजूक आहे, म्हणून सावकाश वाचा. हा माणूस बाहेरचा आहे आणि तो पुराव्याच्या खोलीजवळ काम करणार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे तपास आणि खटल्यांच्या पद्धतीचा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. कलम ४९७ प्रमाणे मुद्देमाल न्यायालयासमोर आल्यावर चौदा दिवसांत त्याचं वर्णनपत्र तयार व्हायचं, फोटो किंवा चित्रीकरण व्हायचं, आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश व्हायचा. म्हणजे तुमच्या प्रणालीतल्या नोंदी आणि फोटो उद्या न्यायालयात जाणार. अशा वेळी बचाव पक्षाच्या वकिलाने ‘सीलबंद पाकिटाला लेबल कोणी लावलं?’ असं विचारलं आणि उत्तर ‘बाहेरून आलेल्या मॅनेजरने’ असं आलं, तर आरोपी त्यावर सुटू शकतो. एखाद्या घरातली माणसं वर्षानुवर्षं ज्या न्यायाची वाट बघताहेत, तो आपल्या सोयीपायी हातचा जाऊ शकतो. म्हणून मी करारातच लिहून घेते की मी मुद्देमालाला हात लावणार नाही, मालखान्यात मुद्देमाल कारकुनाशिवाय पाऊल ठेवणार नाही, आणि अमली पदार्थांच्या साठ्याजवळ अजिबात जाणार नाही, कारण त्यांच्या विल्हेवाटीची पद्धत एनडीपीएस कायद्यात वेगळी दिलेली आहे. प्रणाली दाखवायची तर बनावट नोंदींवर. खऱ्या गुन्ह्यातली नावं, पत्ते, पीडितेचे तपशील मॅनेजरला दिसायची गरजच नाही. त्याला फक्त आकडे लागतात: किती नोंदी झाल्या, किती राहिल्या, कुठे अडलं.

चारित्र्य पडताळणी तुम्ही कराच. पण ती रुजू व्हायच्या आधी पूर्ण होईल एवढा वेळ हाताशी ठेवा. गोपनीयतेचं हमीपत्र घ्या. आणि एक प्रश्न लेखी विचारा: गेल्या तीन वर्षांत या पुरवठादाराकडून किंवा त्याच्या भागीदाराकडून तुम्हाला काही रक्कम मिळाली आहे का? आपल्या शहरात आयटीचं वर्तुळ लहान आहे, ओळखी असतातच. ओळख असणं गैर नाही. लपवलेली ओळख मात्र स्वीकृतीच्या दिवशी महागात पडते.

मुलाखत टेबलाशी बसून घेऊ नका. दोन-तीन उमेदवार ठरले की प्रत्येकाला एपीआयबरोबर एका ठाण्यात अर्धा तास पाठवा, मालखान्याच्या दारापर्यंतच. परत आल्यावर एका पानावर काय दिसलं ते लिहायला सांगा. पत्र्याचं छप्पर, मे महिन्यात तिथे स्कॅनर आणि चिकट लेबलं टिकतील का, विजेचा पॉइंट कुठे आहे, कारकुनाचं टेबल मालखान्यापासून किती लांब आहे, उघड्यावर गंजत पडलेल्या दुचाकींना क्यूआर कोड कुठे चिकटवणार, हे ज्याला दिसलं तो तुमचा माणूस. मी एकदा अशा निवड समितीवर होते. एका बाईंनी पानाच्या शेवटी लिहिलं होतं, ‘हवालदार भाऊंना चष्मा लागतो, स्क्रीनवरची अक्षरं त्यांना दिसत नाहीत.’ आम्ही त्यांनाच घेतलं.

दुसरा प्रश्न सीसीटीएनएसबद्दल, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे नोंदीच्या देशव्यापी संगणक प्रणालीबद्दल, विचारा. गुन्हा क्रमांक तिथे आधीच आहे. नव्या प्रणालीत तो कारकुनाला पुन्हा टंकावा लागणार असेल तर काय कराल? ‘प्रशिक्षण देऊ’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘पुरवठादाराच्या करारात ही जोडणी आहे का ते आधी बघू, नसेल तर पहिल्या महिन्यातच साहेबांना लेखी कळवू’ म्हणणारा निवडा. तिसरा प्रश्न साधा: तुम्ही नसताना पुरवठादार आला तर तुमच्या मते काय व्हावं? मला नुसता फोन करा, असं उत्तर आलं तर मी पुढे विचारत नाही. जो एपीआयसाठी एका पानाची तपासयादी करून ठेवेन म्हणतो, त्याने अर्धवेळ काम खरंच केलेलं असतं.

दिवस कोणते असावेत, हेही तुम्ही विचारलं आहे. सलग तीन दिवस घेऊ नका. सोमवार, बुधवार, शुक्रवार ठेवा. म्हणजे कोणतीही अडचण दोन दिवसांहून जास्त पडून राहत नाही. एपीआयबरोबर शुक्रवारी संध्याकाळी वीस मिनिटं, उभ्यानेच, पुढच्या आठवड्याची यादी. एसीपींसमोर महिन्यातून दोनदा आढावा, एका पानावर. अहवाल मराठीत हवा. इंग्रजी पंधरा पानं ठाण्यापर्यंत पोचत नाहीत.

सातव्या महिन्यापासून बैठक एपीआयने चालवायची, मॅनेजरने बाजूला बसायचं. आठव्या महिन्यात तीनाचे दोन दिवस करा, शेवटच्या पंधरवड्यात एक. शेवटच्या टप्प्याची रक्कम देण्याआधी मी एक चाचणी ठेवते. न कळवता एका ठाण्यात जायचं. प्रणालीतून दहा नोंदी निवडायच्या आणि कारकुनाला त्या वस्तू दाखवायला सांगायचं. मग उलट, कपाटातल्या कोणत्याही दहा वस्तू कारकुनाने दाखवायच्या आणि त्यांच्या नोंदी प्रणालीत शोधायच्या. मॅनेजर तिथे नसावा, फक्त एपीआय आणि कारकून. वीसच्या वीस जुळल्या तर रक्कम द्या. एखादी चुकली तर ती का चुकली हे हवालदारालाच विचारा, त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या आणि मॅनेजरच्या उरलेल्या दिवसांत तेवढंच काम करून घ्या.